थंडी वासराला लागते, आणि तुला

निफाड तालुक्यातून आलेलं हे पत्र थोडक्यात देते.

"काकू, आमच्याकडे अकरा संकरित गाई, दोन म्हशी आणि लहानमोठी पाच वासरं आहेत. थंडीतही पहाटे साडेतीनला उठावं लागतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे निम्म्या धारा माझ्याकडे आणि निम्म्या सासऱ्यांकडे. मिस्टर रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी भरून दोन-अडीचला घरी येतात. मागच्या मार्गशीर्ष-पौषात तीन वासरं गेली. चार वर्षांपूर्वी बिबट्यानं एक कालवड नेली होती, तेव्हापासून सासरे थंडीत गोठा चहूबाजूंनी फ्लेक्सनं बांधून घेतात आणि आत गोवऱ्यांची शेकोटी करतात. तरी वासरं गेली. यंदा चार गाई डिसेंबर-जानेवारीत विणार आहेत. माझ्या हातांना भेगा पडून रक्त येतं. मुलगा चार वर्षांचा आहे, उठल्यावर अंथरुणात कुणी दिसत नाही म्हणून रडतो. मिस्टर म्हणतात, संक्रांत झाली की गाई विकून टाकू. सासरे त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. मला गाई विकायच्या नाहीत, पण अशी अजून एक थंडी माझ्यानं निघणार नाही. नाव छापू नका."

पोरी, नाव छापत नाही. तुझ्या पत्रात गाई, म्हशी, सासूबाईंचे गुडघे, मिस्टरांची रात्रपाळी सगळं आलं आणि स्वतःच्या हातांसाठी तू एक ओळ ठेवलीस. त्या ओळीकडे मी येणार आहे. पण तुझी पहिली गाय विण्याच्या बेतात असेल, म्हणून आधी वासरांचं बोलू.

दूध देणाऱ्या मोठ्या गाईला आपल्याकडची थंडी सोसते. निफाडचा पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा आपण कुडकुडतो, पण होल्स्टिन रक्ताची गाय मूळची थंड मुलखातली. चारा कुजताना तिच्या पोटात जी ऊब तयार होते ती तिची शेकोटी. अंग कोरडं असलं, वारा थेट अंगावर येत नसला आणि गव्हाणीत चारा असला की ती निवांत रवंथ करत बसते. म्हशीच्या अंगावर केस विरळ, तिला गार वारा जास्त लागतो, म्हणून त्या दोघींना आतल्या बाजूला बांध. खरा प्रश्न वासराचा. नुकत्याच जन्मलेल्या वासराला हवा १५ अंशांच्या खाली गेली की थंडी बाधायला लागते. पोटातली ती शेकोटी अजून पेटलेली नसते आणि अंगावर चरबी जवळजवळ नसते. गाय आरामात बसलेली असते तेव्हा तिच्या शेजारचं पिल्लू अंगातली सगळी ताकद ऊब धरण्यात घालवत असतं.

आता मला एक सांग. तुमच्याकडे चीक कधी पाजतात? तू लिहिलेलं नाहीस, पण मला दाट शंका आहे की वार, म्हणजे व्याल्यावर गाईच्या गर्भाशयातून पडणारी झार, पडल्यावर. आमच्याकडेही तेच होतं. माझ्या सासूबाई वार पडल्याशिवाय वासराला कासेला लावू देत नसत. चीक आधी पाजला तर वार अडकते, असं त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. गाय रात्री अकराला व्याली आणि वार पहाटे सहाला पडली, तर सात तास ते वासरू ओल्या अंगानं उपाशी पडून राहायचं. आठ-दहा दिवसांनी त्याला हगवण लागायची किंवा छाती भरायची आणि आम्ही म्हणायचो, थंडीनं गेलं.

गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची शक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि वासराचं आतडं ती शक्ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतं ते फक्त पहिले काही तास. सहा तासांनंतर ही क्षमता झपाट्यानं उतरते आणि पहिला दिवस संपेपर्यंत दार बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजलास तरी तो फक्त पोटात जातो. म्हणून पहिल्या दोन तासांत, वासराच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतका चीक पोटात गेलाच पाहिजे. तुमच्या गाईंची वासरं ३० किलोच्या आसपास असतील, म्हणजे ३ लिटर. बारा तासांच्या आत पुन्हा दीड-दोन लिटर. गोऱ्हा (नर वासरू) असो की कालवड (मादी), माप एकच. गोऱ्ह्याच्या वाट्याचा चीक खरवसासाठी काढून ठेवतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि मला ते फार लागतं. वसुबारसेला आपण गाईबरोबर वासराचीही पूजा करतो, तेव्हा ते कालवड आहे की गोऱ्हा हे बघत नाही.

आणि वारेचं म्हणशील तर उलटंच आहे. वासरू कासेला लागलं की गाईच्या अंगात जो पाझर सुटतो त्यानंच गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदत होते. सासऱ्यांना हे तू सांगू नकोस. तुमचे जनावरांचे डॉक्टर पुढच्या खेपेला येतील तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न म्हणून विचार. उत्तर डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे. बारा तासांतही वार पडली नाही तर ओढायची नाही, डॉक्टरांनाच बोलवायचं.

वासरू बाहेर आलं की त्याला गाईपुढे टाक, तिला चाटू दे आणि तूही कोरड्या गोणपाटानं खसाखसा पुस. अंग तासाभरात कोरडं व्हायला हवं. नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडव, नुसती वरून लावू नकोस. मग वासराच्या तोंडात बोट घालून बघ. आतून गार लागलं तर ते थंडावलं आहे. त्याला लगेच बल्बखाली पेंढ्यात घे, गोणपाटानं गुंडाळ, आणि थोडं तरतरीत झालं की निपलच्या बाटलीनं कोमट चीक दे. चोखत नसेल तर नळकांड्यानं घशात ओतू नकोस, चीक छातीत जातो. बल्ब हातभर वर, वायर दाव्याच्या आणि दातांच्या पल्ल्याबाहेर.

आणखी एक करून बघ. गाभण गाईंना मुख्य चारा दिवसा न टाकता संध्याकाळी उशिरा टाकायला आतापासूनच सुरुवात कर. अशा गाई दिवसा विण्याचं प्रमाण वाढतं. चारपैकी दोन जरी उन्हात व्याल्या तरी तुझ्या दोन रात्री वाचल्या.

आता त्या फ्लेक्सकडे येते. तुझे सासरे थंडीला नाही, बिबट्याला अडवतायत. तू स्वतःच लिहिलं आहेस की कालवड गेली तेव्हापासून गोठा बांधून घेतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाची ही भीती खोटी नाही. ऊस तुटायला लागला की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण चारी बाजूंनी बंद गोठ्यात रात्रभर मूत मुरतं, त्याचा वायू जमिनीलगत साचतो आणि वासराचं नाक नेमकं तिथं असतं. वरून गोवऱ्यांचा धूर. आपण उभे असतो, आपल्याला काही जाणवत नाही. मी माझ्या दोन कालवडी अशाच घालवल्या आहेत. ज्वारीच्या कोठारासारखा गोठा बंद केला, वर प्लॅस्टिक टाकलं, मोठ्या समाधानानं झोपले, आणि चौथ्या दिवशी दोघी धापा टाकत होत्या. डॉक्टर आले ते वासराशेजारी उकिडवे बसले आणि मलाही बसायला सांगितलं. दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी वासरांच्या खोपटात त्यांच्या उंचीला बसून श्वास घेते. तूही बस. सासऱ्यांनाही एकदा बसव, नातवाला मांडीवर देऊन.

करायचं असं. फ्लेक्सवर पुन्हा पैसे घालण्याऐवजी वासरांच्या खोपटाला चारी बाजूंनी आणि वरूनही मजबूत लोखंडी जाळी मारून घ्या, कडी आतल्या जनावराला किंवा बाहेरच्या पंजाला उघडणार नाही अशी. बिबट्याचा प्रश्न जाळीनं सुटला की हवा मोकळी ठेवायला सासऱ्यांची हरकत राहणार नाही. मग जाळीला जमिनीपासून चार फुटांपर्यंत गोणपाट शिवून टाक, विशेषतः उत्तरेच्या अंगाला, आणि वरचा भाग उघडा ठेव. वारा वासराच्या अंगावर येणार नाही, वायू वरून निघून जाईल. ऊन वर आलं की गोणपाट गुंडाळून वर, दिवस मावळला की खाली. शेकोटी गोठ्याच्या बाहेर, माणसांसाठी. आत पेंढा आणि पाचट असताना विस्तव नकोच.

खाली अंथरायला काय आहे तुमच्याकडे? सोयाबीनचं भूस खाण्याकडे जातं ते जाऊ दे. उसाचं पाचट मिळेल, पण कुरकुरीत वाळलेलं घे. इगतपुरीकडचा भाताचा पेंढा मिळाला तर सोनंच. इतका जाड अंथर की वासरू बसल्यावर त्याचे पाय पेंढ्यात बुडून दिसेनासे व्हावेत. ओल आहे की नाही हे हातानं कळत नाही. गुडघे टेकून थोडा वेळ बस. साडी किंवा गाऊन गुडघ्याशी ओला झाला, तर तिथं वासरू रात्र काढू शकत नाही, वरून नवा थर टाक. मोठ्या गाईंनाही हेच लागू आहे, कारण थंडीत दगडी, म्हणजे कासेची सूज, होते ती बहुतेक ओल्या जागेवर बसल्यानं. धार झाली की गव्हाणीत चारा टाक, म्हणजे सडांची तोंडं मिटेपर्यंत गाय अर्धा तास उभी राहते. लहान वासरांना रात्री गोणपाटाची झूल, सकाळी काढून उन्हात. आणि थंडीत त्यांचं दूध कमी करू नका, उलट रोज अर्धा लिटर वाढवा. दूध संकलन केंद्रावर फॅट वाढलेली दिसते म्हणून वासराच्या वाट्याचं दूध कॅनमध्ये जातं, ते मला माहीत आहे.

पाण्याचं तुम्हाला सांगायची गरज पडू नये. द्राक्षबागेत कडाक्याच्या थंडीत पहाटे ठिबक का चालवतात? जमिनीखालचं पाणी ऊबदार असतं म्हणून. मग तेच पाणी गाईला का नाही? रात्रभर टाकीत उघडं राहिलेलं बर्फासारखं पाणी गाय चार घोट पिते आणि तोंड फिरवते. एक लिटर दुधामागे तिला चार-पाच लिटर पाणी लागतं, ते पोटात गेलं नाही की दूध उतरतं, आणि आपण पेंडेला दोष देतो. सकाळी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी काढून लगेच पाज. लाईट रात्रीची असेल तर टाकीवर पाचटाची जाड चटई आणि गोणपाट टाकून ठेव, तेवढ्यानंही फरक पडतो.

चाऱ्याचं दोन वाक्यांत. दवानं भिजलेला लसूणघास पहाटे कापून टाकू नका, पोटफुगी होते, ऊन लागल्यावर कापा आणि थोडा सुकवून कोरड्या कडब्यात मिसळा. ऊस तुटताना वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतात म्हणून नुसत्या वाढ्यांवर गाई ठेवू नका, त्यातल्या ऑक्सॅलेटनं अंगातलं कॅल्शियम अडतं, आणि विणाऱ्या गाईला तर ते फार महागात जातं.

आता तुझे हात.

ओल्या हातानं धार काढतेस ना? बोटं दुधात बुडवून सड ओले करायची सवय आपल्या सगळ्यांनाच लागलेली असते. ओला हात गार वाऱ्यात फुटतो आणि ओला सडही फुटतो, दोघींना एकच दुखणं. कास कोमट पाण्यानं धुऊन स्वच्छ फडक्यानं कोरडी कर आणि कोरड्या हातानं, पूर्ण मुठीनं धार काढ. अंगठा मुडपून काढत असशील तर ते सोड, तुझा अंगठा निकामी होईल आणि गाईच्या सडाला आतून इजा होते. रात्री कोमट पाण्यानं हात धुऊन, टिपून, भेगांत व्हॅसलीन किंवा खोबरेल भर आणि जुने सुती मोजे हातात घालून झोप. आठवड्यात फरक दिसेल. एक लक्ष ठेव: गाईच्या किंवा म्हशीच्या सडांवर फोड असतील आणि तसेच तुझ्या बोटांवर उठले, तर ही साधी भेग नाही, देवीच्या जातीचा संसर्ग असू शकतो. ते जनावर सगळ्यात शेवटी पिळायचं आणि तिच्या डॉक्टरबरोबर तुझाही डॉक्टर गाठायचा.

साडेतीनचा नियम कुणी केला ते घरात विचार. दोन धारांत बारा तासांचं अंतर चांगलं, पण अकरा-तेरा झालं तरी दुधाला धक्का लागत नाही. आमच्याकडे केंद्र आठपर्यंत दूध घेतं, तुमच्याकडचं किती वाजता बंद होतं ते बघ आणि तिथून उलटं मोज. मला वाटतं पाचला उठूनही तुमचं दूध वेळेत पोचेल. एकदम बदलू नका. रोज दहा-पंधरा मिनिटं सकाळची धार पुढे, संध्याकाळचीही तेवढीच पुढे, आठ दिवसांत गाई स्वतःहून नव्या वेळेला पान्हा सोडतील. पाचलाही अंधारच असतो, म्हणून एकटीनं गोठ्याकडे जायचं नाही. बॅटरी, काठी आणि सोबत सासरे.

तुझ्या मिस्टरांबद्दल मी थोडा वेगळा विचार करते. गाई विकू, असं तो म्हणाला ते तुझे हात पाहून म्हणाला असेल. पुरुषांना "तुझे हाल होतायत" हे सरळ म्हणता येत नाही, मग ते विकायची भाषा करतात. त्याला सांग की गाई राहू दे, पण ज्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची असेल त्या आठवड्यात सकाळच्या धारा त्याच्या. रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात तू काढशील. पाळी लाईटीची आहेच, ती धारांनाही लावा. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस तुझा मुलगा डोळे उघडेल तेव्हा तू शेजारी असशील. हे मागताना संकोचू नकोस. माझा मोठा मुलगा लहानपणी असाच रडायचा, आणि मी गोठ्यातून ते ऐकत गाय सोडू शकत नव्हते. तो आज चाळीस वर्षांचा आहे, त्याला काही आठवत नाही, मला मात्र आठवतं.

विकायचा निर्णय संक्रांतीला नको. पौषात घरातलं प्रत्येक माणूस दमलेलं असतं आणि दमलेल्या माणसाला सगळ्याच गाई ओझं वाटतात. आजपासून एक वही घाल. प्रत्येक गाईचं एक पान. आठवड्यातून एक दिवस तिचं सकाळ-संध्याकाळचं दूध वेगळं मोजून लिही, डॉक्टर आला तर खर्च लिही, किती वेळा भरवूनही गाभण न राहता उलटली ते लिही. गुढीपाडव्याला ती वही सासऱ्यांसमोर आणि मिस्टरांसमोर एकाच वेळी उघड. माझा अंदाज आहे की अकरापैकी दोन-तीन गाई बाकीच्यांच्या जिवावर खात असतील. त्या कमी झाल्या तर घरात येणारा पैसा फारसा घटणार नाही आणि धारा मात्र घटतील. सगळ्या विकायच्या किंवा एकही नाही, यावर बापलेक अडून बसलेत. कोणती गाय, हा प्रश्न समोर ठेवलास तर दोघांनाही बोलावंच लागेल, आणि सासऱ्यांइतकं त्या गाईंचं कुळ कुणाला माहीत असणार? त्यांनाच विचार, हिच्या आईला किती दूध होतं म्हणून. पुढे गाई भरवताना सेक्स सॉर्टेड, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेल्या, वीर्यमात्रेची चौकशी डॉक्टरांकडे कर. दहातल्या नऊ वेळा कालवड होते, म्हणजे गोऱ्ह्याचं पुढे काय करायचं हा घोरही कमी होतो. पहिलारू कालवडींना ती चांगली लागू पडते.

पहिली गाय विण्याआधी वासरांच्या खोपटाची जाळी, दोन पोती कोरडा पेंढा, चार धुऊन वाळवलेली गोणपाटं, टिंक्चर आयोडिनची बाटली, निपलची बाटली आणि थर्मामीटर एवढं गोठ्याच्या दाराशी एका पाटीत ठेव. वासराचा ताप बघताना १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे ठीक समज. वासरू जन्मलं की चीक किती वाजता आणि किती लिटर पाजला ते वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि चौघींचं झालं की मला कळव. वार कधी पडली तेही लिही.